कूलरमधली खार

टाळ्या मला फार आवडतात, हे आधीच कबूल करून टाकते. तीस-पस्तीस वर्षं मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहिल्या, शाळाशाळांतून जाऊन सांगितल्या. पैसा काय मिळायचा तो मिळाला, पण गोष्ट संपल्यावर सतरंजीवर बसलेली ती पन्नास पोरं टाळ्या पिटायची ना, त्यावर माझी तब्येत ठणठणीत राहिली. आता साताऱ्यात कुणी बोलावत नाही. शाळांना मोठे पडदे मिळालेत. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की पुढे मी जे केलं ते का केलं याला दुसरं कारण मला सापडलेलं नाही. शोधून पाहिलं.

माझी मुलगी चंदीगडला, सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळेच्याच क्वार्टरमध्ये राहते. मागच्या डिसेंबरात तिचा फोन आला, "आई, येतेस का? पिल्लू पार्कातल्या घसरगुंडीवरून पडलीय. नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर." जावई तेव्हा कंपनीच्या कामासाठी परदेशी होते. मी मफलर, दोन स्वेटर आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निघाले.

नात सात वर्षांची. दुसरीत. चंदीगडमध्येच जन्मलेली, त्यामुळे मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. मी म्हणायचे, "पाणी हवं का ग?" तर ती म्हणणार, "नहीं, अभी पिया." हे मला फार लागायचं. मुलीला मी त्यावरून बोलायचे, मुलगी म्हणायची, "आई, कळतं ना तिला? मग?" मग काय, माझा फणकारा. फोनवर हे एक ठरलेलं भांडण होतं आमचं.

गेले तेव्हा धुकं असं की समोरच्या क्वार्टरची खिडकीसुद्धा दिसत नव्हती. नात पलंगावर, मांडीपासून पावलापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये, आणि चेहरा आंबट. पलंग खिडकीला लावलेला. त्या खिडकीत कूलर. तिकडे उन्हाळा भाजून काढतो, म्हणून घराघराच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर पत्र्याचे हे भलेमोठे खोके बसवलेले असतात. आत पंखा, खाली पाण्याची टाकी, तिन्ही बाजूंना लाकडाच्या बारीक सालींचं गवत. थंडीत ते बंद करून वरून ताडपत्री बांधतात आणि त्याची तोंडाकडची जाळी तेवढी खोलीत डोकावत राहते. माझ्या नातीच्या उशीपासून ती जाळी हातभर अंतरावर होती.

पहिल्याच दुपारी मी पदर खोचून गोष्टीला बसले. माझी हुकमी गोष्ट काढली, जंगलातून नदीकडे निघालेल्या साळिंदराची. ती गोष्ट मी किमान शंभर वेळा सांगितली असेल आणि कधी पडली नव्हती. साळिंदर डोंगर उतरायला लागलं तेवढ्यात ही म्हणाली, "ये नहीं चाहिए."

"का ग?"

"ये बाहर जाता है."

"अग, बाहेर गेल्याशिवाय गोष्ट कशी होणार?"

"मुझे जो बाहर नहीं जाता, उसकी सुननी है."

आता मी तिच्या पायाकडे बघायला हवं होतं. मी बघितलं माझ्या साळिंदराच्या अपमानाकडे. गोष्टी कशा लिहाव्यात यावर मी शिबिरांतून भाषणं दिलीत. प्राण्याला घराबाहेर काढा, वाटेत कुणीतरी भेटू द्या, परत आणा. एका खोलीत बसवून ठेवलेला प्राणी म्हणजे पिंजऱ्यातला पोपट. त्याची गोष्ट होत नाही, त्याची फक्त दया येते. असं मी ठासून सांगायचे. मुलीपाशी कुरकुर केली, "तुझ्या लेकीला गोष्टच नको आहे." मुलगी लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाली, "तिला घराबाहेरच्या नको असतील. तिच्या मैत्रिणी खाली खेळतात त्यांचा आवाज आला तरी कानावर उशी घेते ती."

दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींवर रुसून होतो. तिसऱ्या दिवशी जाळीच्या आत खुडखुड झाली.

नात एकदम ताठ बसली. मी जाळीला कान लावला. पुन्हा खुडखुड, आणि गवत ओढल्यासारखा आवाज. मुलगी बाहेरच्या गॅलरीतून जाऊन ताडपत्रीचं टोक उचलून आली. म्हणाली, "खार आहे. शेपूट दिसली. घर केलंय बहुतेक."

"गिलहरी! उसकी पूँछ कैसी थी?" नातीने विचारलं.

"अर्धीच दिसली ग."

झालं. नातीपुरतं ठरून गेलं की खारीला शेपूटच अर्धी आहे. उरलेली कुठल्यातरी दारात सापडून तुटली. मैना डॉक्टरने तिला तपासलं आणि सांगितलं, शेपूट पुरी वाढेपर्यंत उडी मारायची नाही, कूलरमध्येच राहायचं. हे सगळं माझी नात सांगत होती, मी नाही. साळिंदरवाली मी आपली तोंडात बोट घालून ऐकत होते.

"मग ती आत करते काय?" मी विचारलं.

"वो तू बता ना, आजी."

आता आली का पंचाईत. दोन हात लांब, दीड हात रुंद पत्र्याचा खोका, त्यात एक बंद पंखा, एक पंप, कोरडी टाकी. यातून रोजची गोष्ट काढायची. मी आजवर प्राण्यांना जंगलंच्या जंगलं फिरवलेलं; इथे मला चार पावलं टाकायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी मी पंपाला झोपलेला म्हातारा केलं, तो घोरतो तेव्हा खारीला वाटतं भूकंप झाला. बरी गेली. दुसऱ्या दिवशी पंख्याची तीन पाती म्हणजे तीन बहिणी, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. हीही बरी गेली, पण नात मध्येच जाळीकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे नव्हती.

खरी गंमत चौथ्या-पाचव्या दिवशी, माझ्या अंगात कणकण होती आणि बोलायचा कंटाळा आलेला, तेव्हा झाली. मी म्हटलं, "खार जाळीपाशी आली. जाळीपलीकडे तिला एक मुलगी दिसली. पलंगावरच बसलेली, काल पण तिथेच, आज पण तिथेच. खार म्हणाली, अरेरे, ही बिचारी कुठल्या खोक्यात अडकलीय! हिला बाहेर कसं काढू?"

नात हसली. आल्यापासून पहिल्यांदा, आणि किती हसली! प्लास्टरचा पाय थडथड हलायला लागला. मग ती जाळीला तोंड लावून म्हणाली, "अरे, तू अडकली आहेस! मी नाही!"

मराठीत.

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. शहाणपण केलं. सहज म्हटलं, "बरं झालं मराठीत बोललीस. त्या खारीला हिंदी येत नाही. ताडपत्री साताऱ्याहून आलीय, तिच्यातूनच आली ती." शुद्ध थाप. ताडपत्री तिथल्याच बाजारातली होती. पण त्या दिवसापासून नात खारीशी बोलायला मराठी जोडायला लागली. "मी तुला शेंगदाणा टाकली. खाल्ली का?" असलं. मी एकही चूक दुरुस्त केली नाही. एरवी माझ्याच्याने राहवलं नसतं.

मग मला त्या खोक्याचं अंग सापडत गेलं. मोठ्या जागेत प्राणी चालतो, छोट्या जागेत तो ऐकतो. कुकरच्या शिट्ट्या, माझा खोकला, भाजीवाल्याची हाळी, सगळं खारीपर्यंत पत्र्यातून जायचं आणि तिकडे त्याचं भलतंच काहीतरी व्हायचं. धुकं विरलं की ताडपत्रीच्या फटींतून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि टाकीच्या तळावर सरकायचा. खार त्या पट्ट्यापाठोपाठ आपलं अंथरूण सरकवायची. रोज एकच नवी वस्तू आत पडू द्यायची. लोहडीच्या, म्हणजे तिकडच्या शेकोटीच्या सणाच्या दिवशी रेवडी पडली, ती तीन दिवस पुरली. हे मला कुणा शिबिरात कळलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीने पलंगावर पडल्यापडल्या शिकवलं.

तिने प्लास्टरवर स्केचपेनने कूलर काढला. गुडघ्यावर पंखा, नडगीवर गवत, घोट्यापाशी टाकी. गोष्ट जिथे चालली असेल तिथे ती बोट ठेवायची. एके दिवशी तिने विचारलं, "आजी, ती बाहर कधी येणार?"

"तू म्हणशील तेव्हा."

"मी बाहर जाईन ना, तेव्हाच. माझ्या आधी नाही."

"बरं."

"पक्का?"

"पक्का."

"लिहून दे."

मी प्लास्टरवर, टाकीच्या वर, निळ्या पेनने लिहून दिलं: तू बाहेर जाशील त्याच दिवशी खार बाहेर येईल. खाली 'आजी'. तिने एकेक अक्षर बोटाने वाचलं. माझं अक्षर चांगलं आहे, तेही मी कौतुकाने बघून घेतलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तिथल्या मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये हळदीकुंकू आणि लहान मुलांचं बोरन्हाण ठेवलं होतं. आपल्याकडची बारकी बोरं तिथे मिळत नाहीत, लिंबाएवढी मिळतात. ती डोक्यावर पडली तर बाळ रडेल म्हणून कुरमुरे, गोळ्या आणि फोडलेल्या रेवड्या घेतलेल्या. मुलीच्या ओळखीच्या एका बाईंनी फोन केला होता, "काकू, तुम्ही बालसाहित्यिक ना? मुलांना गोष्ट सांगाल?" नातीला जाता येणार नव्हतं. मुलगी तिच्यापाशी थांबली. निघताना नात म्हणाली, "कोणती सांगणार?"

"साळिंदराची," मी म्हटलं. आणि खरंच तेच मनात होतं.

हॉलमध्ये पंचवीस-तीस मुलं. लष्करातल्या घरांमधली, बँकेतल्या घरांमधली, निरनिराळ्या गावांहून आलेल्या आयांची. सगळी आपसांत हिंदी बोलणारी. माझं साळिंदर डोंगर उतरेपर्यंत अर्धी उठून कुरमुरे वेचायला लागली. एक मुलगा जोरात म्हणाला, "बोरिंग है." मागे खुर्च्यांवर आया बसलेल्या, त्या ओशाळून हसल्या.

तिथे गप्प बसून 'बरं, तिळगूळ घ्या' म्हणायचं होतं मी. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पस्तीस वर्षांत कुणी उठून गेलं नव्हतं. आणि मी ऐकलं, माझाच आवाज म्हणत होता, "एक होती खार. तिची शेपूट होती अर्धी. ती राहायची कूलरमध्ये!"

कूलर म्हटल्याबरोबर पोरं वळली. कूलर त्यांच्या घरातला होता. अर्ध्या शेपटीवर पहिला हशा आला. मैना डॉक्टरवर दुसरा. घोरणारा पंप, भांडणारी पाती, जाळीपलीकडची मुलगी खोक्यात अडकलीय हे, सगळं मी एकामागून एक उधळलं. महिन्याभराचं वाण अर्ध्या तासात लुटून टाकलं. मुलं पुढे सरकत सरकत माझ्या पायांपाशी आली. आणि मग शेवट आला. गोष्टीला शेवट लागतो. नातीच्या गोष्टीला अजून शेवट नव्हता, तिचं प्लास्टर निघायला दहा दिवस होते. समोर तीस तोंडं उघडी. मी हात वर केले आणि ताडपत्री उडवून दिली, आणि खार उन्हात बाहेर पडली, कूलरवरून झाडावर, झाडावरून गच्चीवर. मुलं उभी राहिली. टाळ्या अशा की बोरन्हाणाचं एक बाळ दचकून रडायला लागलं.

अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. चंदीगडजवळच्या खरड गावी कॉलेजात शिकणारी लातूरची एक मुलगी तिथे मदतीला आली होती, तिने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. "आजी, काय भारी सांगता! मंडळाच्या ग्रुपवर टाकते हां." मी म्हटलं, टाक की. पदर सारखा करत म्हटलं.

ऑटोतून परत येताना वाटेत कुठेतरी, त्या सारख्या दिसणाऱ्या चौकांपैकी एकात, मला निळ्या पेनचं ते वाक्य आठवलं. मग मी स्वतःची समजूत घातली. तिला कुठे कळणार आहे? गोष्ट ती तिकडची, ही इकडची.

मुलीने दार उघडलं ती हसतच. "आई, मस्त झालं ग! आम्ही दोघींनी पाहिला व्हिडिओ. तुला किती दिवसांनी असं बघितलं." तिचा काही दोष नाही. वचनाचं तिला ठाऊक नव्हतं, ते आम्हा दोघींचं होतं.

नात पलंगावर बसली होती. रडलेली नव्हती. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं.

"वो बाहर चली गई," ती म्हणाली.

"अग, ती वेगळी खार. त्या मुलांची."

"नहीं. आधी पूँछवाली थी."

अर्धी शेपूट तिची होती. तिनेच मला दिलेली. मी तरीही बोलले. मी म्हटलं, ती फक्त उन्हात जाऊन आली, बघ, परत आली, आता आतच आहे, शेपूट अजून कुठे वाढलीय. जाळीवर टकटक केलं. म्हटलं, "विचार तिला. मराठीत विचार."

"बाहर घूम के आई ना," नात म्हणाली, "तो अब हिंदी भी समझती होगी."

चिडून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. मला मोठी माणसं पुष्कळ टोचून बोललीत, मी परतफेडही केलीय. हिला काय परतफेड करणार!

पुढचे दहा दिवस मी रोज दुपारी गोष्ट सांगितली. नात शहाण्यासारखी ऐकायची. "ठीक है, आजी." "अच्छी थी, आजी." पाहुण्यांकडच्या उपम्याला म्हणतात तसं. बोट प्लास्टरवर ठेवायची नाही. पाय पांघरुणात असायचा. मी स्वयंपाकघरात गेले की स्केचपेनच्या टोपणांचा आवाज यायचा, परत आले की पेनं डब्यात. खोलीबाहेर उभं राहून मी एकदा कानोसा घेतला. ती कुजबुजत होती, पण जाळीकडे तोंड करून नव्हे, पांघरुणात. मी माफी मागायला हवी होती. साध्या शब्दांत: मी वचन मोडलं, टाळ्यांसाठी मोडलं. पण सात वर्षांच्या मुलीसमोर ते शब्द ओठांवर येईनात. मी त्याऐवजी गाजराचा हलवा केला.

प्लास्टर काढायला गेलो तेव्हा ऊन पडलं होतं. तिने कापलेलं प्लास्टर घरी न्यायचं म्हणून हट्ट धरला. डॉक्टरांनी दोन्ही कडांनी कापून दोन पन्हळी माझ्या हातात दिल्या, पुढची आणि मागची. मुलगी तिला धरून दाराबाहेरच्या उन्हात पहिली पावलं टाकायला लावत होती. मी बाकावर बसले. पुढच्या तुकड्यावर पंखा, गवत, टाकी आणि माझं चांगलं अक्षर. मागचा तुकडा मी सहज उलटला. पोटरीच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाला टेकणाऱ्या, म्हणजे पांघरूण काढलं तरी मला दिसली नसती अशा जागी, एक खार काढलेली होती. अर्ध्या शेपटीची. भोवती चौकोन, चौकोनाला झाकण, झाकणाला कुलूप. रोज थोडंथोडं रंगवलेलं. खाली अक्षरं होती, तिच्या बाजूने लिहिलेली. मला तो तुकडा फिरवून धरावा लागला तेव्हा वाचता आली.

'ये अंदर ही है. आजी को मत बताना.'

दारातून हाक आली, "आजी, देख, मैं बाहर!" ती दोन पायांवर उभी होती, वाकडी, आईचा हात घट्ट धरून. मी तुकडा पटकन पालथा केला. ती लंगडत माझ्यापर्यंत आली, थांबली, आणि माझ्या हाताकडे बघितलं.

"सगळं घरी न्यायचं ना ग?" मी विचारलं.

"सिर्फ ये वाला," ती म्हणाली, आणि मागचा तुकडा, चित्राची बाजू अंगाकडे करून, छातीशी धरला. दुसरा माझ्या मांडीवर राहिला.